मार खाणाऱ्यांचा खेळ

बेलव्ह्यूत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी एक कोडं हमखास पडतं. सप्टेंबर लागला की ऑफिसातली एरवी शहाणीसुरती माणसं शुक्रवारी निळ्या-हिरव्या जर्सीत का येतात? आणि त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर १२ हाच आकडा का? मीही विचारलं होतं. अकरा खेळाडू मैदानावर, बारावा म्हणजे आपण प्रेक्षक. सिॲटल सीहॉक्सनी १९८४ साली हा नंबर प्रेक्षकांना देऊन टाकला, तेव्हापासून तो कुठल्या खेळाडूला मिळत नाही. मला हे फार आवडलं. आपल्या गावच्या जत्रेत कुस्ती बघणारा माणूससुद्धा स्वतः खांदा वाकडा करून डाव मारत असतोच की!

तर अशा या गावात आमच्या चिरंजीवांनी यंदा जाहीर केलं, "बाबा, मला फुटबॉल खेळायचंय." मी खूश. पायाने खेळायचा फुटबॉल असेल असं वाटलं. नव्हता. हेल्मेटवाला होता. आणि त्याबरोबर सही करायला एक कागद होता: डोक्याला मार लागल्यास काय, याची माहिती वाचली असं पालकाने आणि मुलाने दोघांनी लिहून द्यायचं. बायको म्हणाली, "सही नंतर कर, आधी वाच." वाचता वाचता मी या खेळाच्या इतिहासात शिरलो, आणि या लेखाचं निमित्त झालं.

आधी एक कबुली. मला या खेळातलं धाडस मनापासून आवडतं. ज्यांना हा नुसता धटिंगणांचा धुडगूस वाटतो त्यांनी स्टीव्ह लार्जंटची गोष्ट ऐकावी. हा १९७६ साली, म्हणजे सीहॉक्सच्या पहिल्याच वर्षी इथे आला. ह्यूस्टनला तो नकोसा झाला होता. सिॲटलने आठव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला घेतलं. आपल्या भाषेत, भंगारच्या भावात. उंची सहा फुटांच्या आत, वेगही बेताचा. काम रिसीव्हरचं, म्हणजे धावत जाऊन हवेतला चेंडू पकडायचा. यातली मेख अशी की चेंडू पकडताना नजर वर असते, हात वर असतात, छाती-बरगड्या उघड्या असतात, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी पूर्ण वेगाने येऊन आदळणार हे ठाऊक असतं. ठाऊक असूनही नजर चेंडूवरून हलवायची नाही. लार्जंटने हे चौदा सीझन केलं. १९८९ ला निवृत्त झाला तेव्हा ८१९ झेल आणि १०० टचडाउन त्याच्या नावावर होते, दोन्ही त्या वेळचे विक्रम.

१९८८ च्या सीझनच्या पहिल्याच सामन्यात, डेन्व्हरला, माइक हार्डन नावाच्या बचावपटूने त्याला असा काही तडाखा दिला की लार्जंट बेशुद्ध पडला, दोन दात तुटले, हेल्मेटची जाळी वाकली. हार्डनला ५,००० डॉलर दंड झाला. त्याच वर्षी डिसेंबरात डेन्व्हरचा संघ सिॲटलच्या किंगडोममध्ये आला. (किंगडोम २००० साली सुरुंग लावून पाडला, जुनी मंडळी अजून त्या धुरळ्याच्या गोष्टी सांगतात.) सिॲटलचा एक पास नेमका हार्डननेच मधल्यामध्ये पकडला आणि तो पळत सुटला. लार्जंट मैदान कापत आला आणि त्याने हार्डनला आडवा केला. चेंडू सुटला, आणि तोही लार्जंटनेच उचलला! व्हिडिओ बघा कधीतरी. एवढा सभ्य, पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये गेलेला माणूस, पण उधारी तीन महिने लक्षात ठेवून चुकती केली त्याने.

हे वाचताना मला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण येत होती. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एक लांबलेली कुस्ती संपते ना संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं. मध्ये विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा उभे राहिले, हरले, ब्राँझ घेऊन आले. कऱ्हाडला शंभरच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली म्हणतात. आपण ही गोष्ट नेहमी त्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. पण ती भांडणारं कुणी नव्हतं याचीही गोष्ट आहे, आणि ही दुसरी बाजू मला फुटबॉल वाचताना जास्त कळली.

कारण पुढचं नाव केनी ईझ्लीचं. लार्जंटच्याच संघातला, पण बचावातला. सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहून जो कुणी सुटून येईल त्याला आडवा करणारा. १९८४ साली १० पास अडवून तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. घोटा दुखायचा, तरी खेळायचा. १९८८ मध्ये संघाने त्याला फिनिक्सकडे पाठवायचं ठरवलं. तिथल्या डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे तपासणी केली आणि लक्षात आलं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. वय २९. खेळ संपला, १९९० मध्ये मूत्रपिंड बदलावं लागलं. घोट्यासाठी गोळ्या मोठ्या प्रमाणात दिल्या गेल्या, त्यांनी हे झालं आणि वेळेत कुणी सांगितलं नाही, असा दावा त्याने संघावर आणि डॉक्टरांवर केला. तो कोर्टाबाहेर मिटला. त्यानंतर कित्येक वर्षं ईझ्लीने सीहॉक्सचं तोंड पाहिलं नाही. २००२ मध्ये त्याचं नाव स्टेडियमच्या मानकऱ्यांत लागलं तेव्हा तो परत आला, आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आता कुणी म्हणेल, दुखतंय तर खेळतात कशाला? इथे थोडा हिशोब समजून घ्यायला हवा. लीगमध्ये बहुतेकांची कारकीर्द चार वर्षंही टिकत नाही. करारातले सगळे पैसे हमीचे नसतात, संघ मधेच नारळ देऊ शकतो. संघात ५३ जण, आणि तुमच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला तरुण पोरगा त्या ५३ तच असतो. आम्हा कन्सल्टंट लोकांना हे वेगळं समजावायला नको! बेंचवर बसलात की क्लायंट दुसरा माणूस शोधतो. फरक इतकाच की माझ्या कामात फार तर पाठ आणि डोळे जातात.

हे आजचं नाही. १९०५ साली हा खेळ कॉलेजांत इतका रानटी झाला होता की एका सीझनमध्ये किमान १८ मुलं मेली. तेव्हा खेळाडू हातात हात अडकवून पाचर करायचे आणि घोळक्याने अंगावर जायचे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः मर्दानी खेळांचे भक्त, त्यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून दटावलं. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. म्हणजे आज आपण ज्या लांब पासवर टाळ्या वाजवतो, तो एका अर्थी अपघात कमी करण्यासाठी आणलेला नियम! हेल्मेट तर व्यावसायिक लीगमध्ये १९४३ साली सक्तीचं झालं. आणि त्यात एक विपरीत घडलं. कवटी फुटायची भीती गेल्यावर लोक डोकंच हत्यारासारखं वापरू लागले. सुरक्षिततेचं फीचर टाकलं की युजर जास्त बेफिकीर होतो, हा अनुभव आमच्या धंद्यातही आहेच.

कवटीच्या आतलं काय, हे कळायला मात्र २००२ उजाडलं. पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर, लोखंडी म्हणून ओळखला जाणारा सेंटर, पन्नाशीत वारला. शेवटच्या वर्षांत त्याची स्मृती गेली होती, घरदार सुटलं होतं. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापला. बॉक्सरमध्ये माहीत असलेला, वारंवार बसणाऱ्या माराने होणारा आजार फुटबॉलपटूतही सापडला होता. लीगने आधी ते उडवून लावलं. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी लीगमधल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये तो आजार निघाला. अर्थात हे मेंदू बऱ्याचदा लक्षणं दिसलेल्या कुटुंबांनीच दिलेले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हेच प्रमाण लावता येत नाही. पण ११० हा आकडा काही केल्या डोक्यातून जात नाही.

तरीही २०१५ च्या जानेवारीत मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो, हेही खरं. ग्रीन बेविरुद्ध पहिल्या अर्ध्यात ०-१६ ने मागे. रिचर्ड शर्मनच्या डाव्या कोपराला जबर मार बसला, तो हात छातीशी धरून खेळत राहिला. अर्ल थॉमसचा खांदा निखळला, तोही परत आला. सामना ओव्हरटाइममध्ये २८-२२ ने जिंकला. सुपर बोलच्या आधी सरावात कॅम चॅन्सलरच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तरी तो उतरला. जेरेमी लेनने पास अडवला आणि त्याच धावेत त्याचा हात मोडला. आपण हरलो, २४-२८. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतक होतं. पण त्या संध्याकाळी या चौघांना मी मनात वीर म्हटलं होतं. चॅन्सलर आणि क्लिफ ॲव्हरिल दोघांचीही कारकीर्द पुढे २०१७ मध्ये मानेच्या दुखापतीने संपली.

आता त्या कागदाकडे येतो. तो ज्या कायद्यामुळे आला तो आपल्या वॉशिंग्टन राज्याचा आहे आणि एका मुलाच्या नावाने ओळखला जातो. बेलव्ह्यूहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर मेपल व्हॅली आहे. तिथल्या शाळेचा झॅकरी लिस्टेड, वय १३, ऑक्टोबर २००६. पहिल्या अर्ध्याच्या शेवटी त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. थोडा वेळ बाहेर बसला आणि दुसऱ्या अर्ध्यात परत खेळला, चांगला खेळला. सामना संपल्यावर कोसळला. हेलिकॉप्टरने हार्बरव्ह्यूला नेलं, कवटीच्या दोन्ही बाजू उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. पहिला शब्द बोलायला नऊ महिने लागले. हात-पाय हलायला तेरा. आधार घेऊन उभं राहायला जवळजवळ तीन वर्षं.

त्याचे आईवडील, डॉक्टर, वकील आणि सीहॉक्सही या कायद्यासाठी झटले. मे २००९ मध्ये सही झाली, देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की मुलाला लगेच बाहेर काढायचं, आणि जाणकार वैद्यकीय व्यक्तीने लेखी दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. व्यावसायिक लीगनेही २००९ च्या डिसेंबरात त्याच दिवशी परत खेळण्याबाबतचे नियम कडक केले. म्हणजे करोडो कमावणाऱ्यांच्या आधी, आठवी-नववीतल्या पोरांसाठी आपल्या राज्याने भांडणारं माणूस नेमलं. खाशाबांना हेलसिंकीत जे मिळालं नाही ते.

आणि तरी हे गाव फुटबॉलवेडं आहेच. सप्टेंबर २००४ मध्ये बेलव्ह्यू हायस्कूलच्या पोरांनी कॅलिफोर्नियाच्या डी ला साल शाळेची सलग १५१ सामन्यांची विजयमालिका ३९-२० ने तोडली, तीही सीहॉक्सच्याच स्टेडियमवर. इथे जुनी राहणारी माणसं अजून ते काल घडल्यासारखं सांगतात. आमच्या चिरंजीवांनाही ही गोष्ट पाठ आहे, कुणी सांगितली देव जाणे.

कागदावर त्याची सही केव्हाच झाली आहे, आईच्या शाईच्या पेनने, ठसठशीत. खालची ओळ रिकामी आहे. परवा रात्री त्याला समोर बसवून मी लक्षणं एकेक वाचून दाखवली. डोकं दुखणं, गरगरणं, अंधुक दिसणं, मळमळ. मग विचारलं, "खेळताना डोकं दुखायला लागलं तर कोचला सांगशील ना?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

"बाबा, ते डिपेंड्स. किती पॉइंट्सनी मागे आहोत त्याच्यावर."