सायकलीचा रंग खरवडण्यापूर्वी

१/५ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर जुन्या सायकलीचा शत्रू म्हणजे खारा वारा. रंगाला तडा गेला की गंज त्याच्याखालून पसरत जातो. त्यामुळे येथे सायकल पुन्हा रंगवणे ही बहुधा गरजच असते.

२/५ परंतु त्या रंगावर इतिहास लिहिलेला असतो. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकली विलायतेहून येत. स्वातंत्र्यानंतर मद्रास आणि आसनसोल येथे कारखाने उभे राहिले आणि हर्क्युलिस, रॅले ही विलायती नावे भारतात घडलेल्या सायकलींवर झळकू लागली.

३/५ ही नावे पुष्कळदा छापील असत. कागदावरची अक्षरे ओली करून नळीवर उतरवीत. पॉलिश पेपर फिरताच ती कायमची जातात.

४/५ पुढच्या नळीवरचा धातूचा बिल्ला आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक मागे उरतो; जाड रंगाखाली तोही बुजतो.

५/५ म्हणून जाणकार आधी मूळ अक्षरांची छायाचित्रे आणि मापे घेतात, क्रमांक टिपून ठेवतात. मग गंज काढून प्रायमर, रंग आणि त्याच मापाची नवी अक्षरे चढवतात. मूळ रंग शाबूत असेल तेथे केवळ तेलाचा हात फिरवतात. खाऱ्या हवेत तो वारंवार फिरवावा लागतो.