शाकारणी ते स्लॅब

पाऊस सरला, दसरा झाला की आपल्या आपट्यात घराची कामं निघतात. कुणाला कौलं उतरवून स्लॅब घालायचा असतो, कुणाला पडवी मोडून स्वयंपाकघर वाढवायचं असतं. मग प्रश्न येतो, कंत्राटदार भरवशाचा कसा ओळखायचा? उत्तरासाठी आज आपण आपल्या घरांच्या इतिहासात जरा मागे जाऊ.

पूर्वी पाताळगंगेकाठी साधं घर म्हणजे लाकडी मेढी, कारवीचे कूड आणि वर गवताचं किंवा पेंढ्याचं छप्पर. मृगाआधी शाकारणी व्हायची, तीही सावडीने : आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. कूड लिंपणं, जमीन चोपणं, सारवणं बायकांकडे. कुठला वासा कुजला, कुठे ओल धरली, हे बाईला आधी कळायचं. सुतार ओळखीचा, जवळपासचा. काम बिघडलं तर पहिल्याच पावसात सगळ्यांना दिसायचं. कागद नव्हता, गावाची आठवण हाच करार होता.

1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगलोरी कौलं कोकणभर पसरली. दरवर्षीची शाकारणी सुटली, पण छपरासाठी रोख पैसा लागू लागला. मग रेल्वे आली. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना शेजारी रसायनीत उभा राहिला. पगार आले, सिमेंट आलं आणि घर बांधणारा माणूस बाहेरगावचा झाला.

इथेच आपला हात सुटला. ओतलेल्या स्लॅबमध्ये सळई किती, हे नंतर दिसत नाही. स्लॅबवर सात-दहा दिवस पाणी आपणच मारतो. दर ठरवताना मात्र आपण आत चहा करत असतो.

म्हणून आता तिथे बसायचं. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. आपल्या कंत्राटदाराकडूनही नाव, पत्ता आणि सही मागायची, कागदावर.

त्याआधी त्याने चार पावसाळ्यांपूर्वी बांधलेलं घर पाहा. तिथल्या बाईला विचारा, गळतं का? कुडाच्या किंवा मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका, इंजिनिअरला दाखवा. परवानगीचं ग्रामपंचायतीत विचारा.

कागदावर लिहा : दर मजुरीचा की मालासकट, मोजमाप कसं, सळई-सिमेंट कोणतं, काम कधी संपणार. पैसे टप्प्याने द्या : जोतं, भिंती, स्लॅब, प्लास्टर. सळई बांधून झाली की ओतण्याआधी फोटो काढा. शेवटचा हप्ता पहिला पाऊस पडून गेल्यावर द्यायचा, हे आधीच ठरवा. घरावर तुमचं नाव असो-नसो, करारावर तुमचीही सही असू द्या.

1872 च्या करार कायद्याने तोंडी करारही चालतो, पण तो सिद्ध करताना दमछाक होते. ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा; 1993 मध्ये घरबांधणी त्यात आली. आता 2019 चा कायदा आहे. काम फसलं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. तिथे पहिल्यांदा मागतात तो कागदच.

तेव्हा या दिवाळीआधी काम काढणार असाल, तर आधी एक वही घ्या.