जपानी शुभनाण्यांवरील महाकाल

जपानांत एदो-काळीं (१६०३ ते १८६८) 'ए-सेन्', म्हणजे चित्रनाणीं, ओतीत असत. त्यांचा घाट बहुधा खऱ्या पैशासारखाच असे. १६३६ पासून पाडल्या जाणाऱ्या 'कान्-एइ त्सूहो' नाण्याप्रमाणें तीं वाटोळीं असत व मध्यें चौकोनी भोंक असे. मात्र बाजारांत त्यांना मोल नव्हतें. तीं शकुनासाठीं जवळ बाळगावयाचीं.

यांवर वारंवार आढळणारी जोडी एबिसु व दाइकोकु यांची. एबिसु हा मासा घेतलेला कोळ्यांचा देव. दाइकोकु तांदळाच्या पोत्यांवर उभा, हातांत हातोडा, खांद्यावर झोळी आणि तोंडभर हसूं! सात भाग्यदेवतांपैकीं एबिसु तेवढा मूळचा जपानी. बेन्झाइतेन् ही आपली सरस्वती, बिशामोन्तेन् हा वैश्रवण म्हणजे कुबेर, आणि हा गुबगुबीत दाइकोकु म्हणजे महाकाल. 'दाइकोकु' या शब्दाचा अर्थच मुळीं 'मोठा काळा' असा आहे.

स्मशानवासी, मुंडमालाधारी महाकाल आणि हा हसरा शेटजी एकच, हें वाचकांस सहजीं पटणार नाहीं. जपान्यांनीं उग्र देवाचें खेळणें केलें, असेंहि कोणी म्हणेल. परंतु हा आरोप टिकत नाहीं. इ. स. ६७१ मध्यें हिंदुस्थानाकडे निघालेला चिनी यात्रेकरू इत्सिंग सांगतो कीं, येथील मोठ्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबापाशीं किंवा दारापुढें महाकालाची लांकडी मूर्ति असे. ती दोनतीन फूट उंच, बसलेली, हातांत सोन्याची थैली असलेली आणि नित्य तेल पुसल्यामुळें काळी पडलेली. तेव्हां थैली आणि चुलीचें सान्निध्य हीं दोन्ही या देवानें येथूनच बरोबर नेलीं!

जपानांत तेंदाइ पंथाचा संस्थापक साइचो (७६७-८२२) यानें हिएइ पर्वतावरील मठांत त्याची स्थापना केली, अशी परंपरा आहे. पुढें ओकुनिनुशि या देशी देवाच्या नांवांतील चिनी अक्षरांचा उच्चारहि 'दाइकोकु' असा होत असल्यानें दोघे एकरूप झाले. ओकुनिनुशीला आगींतून वांचविणारा उंदीर मग दाइकोकूचा सेवक बनला.

१८८५ मध्यें जपानच्या मध्यवर्ती बँकेनें आपल्या पहिल्या नोटा काढल्या, त्यांवरहि दाइकोकूच झळकला. कागद चिवट व्हावा म्हणून त्यांत कोन्याकु नांवाच्या कंदाचें पीठ घातलें होतें. त्यामुळें त्या नोटा उंदीर कुरतडूं लागले.