‘मग?’चा इतिहास

गोष्ट सांगणाऱ्याचा खरा वैरी टीकाकार नव्हे. ‘मग?’ असं विचारणारं पोर! राजा मेला, राणी रडली, राज्य बुडालं, आपण हुश्श करून कूस बदलतो, तर पांघरुणातून आवाज येतोच, “मग?” या दोन अक्षरांनी जगातल्या कित्येक बापांची झोप उडवली आहे. आणि माझं आपलं मत असं, की संगणकावरचे कथाखेळ म्हणतात ते या ‘मग?’च्याच कुळातले.

पुरावा देतो. न्यू यॉर्कला एडवर्ड पॅकर्ड नावाचे एक वकील होते. रात्री मुलींना पीट नावाच्या मुलाची गोष्ट सांगायचे. एकदा पुढचं काही सुचेना. तेव्हा त्यांनी अस्सल वकिली डाव टाकला, ‘मग?’ हा प्रश्न उलटून मुलींनाच विचारला. मुलींनी वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातून १९६९ मध्ये असं पुस्तक लिहून झालं, की ज्यात पुढे काय करायचं ते वाचकाने ठरवायचं आणि त्याप्रमाणे पान उघडायचं. ते छापून यायला १९७६ उजाडलं. १९७९ पासून त्याची मालिकाच निघाली आणि पुस्तकं कोट्यवधींनी खपली. आम्ही मात्र मुलांना “झोप आता!” एवढंच उत्तर देत आलो.

दुसरा बाप विल क्राउदर. अमेरिकेतल्या केंब्रिजला आर्पानेटवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या आजोबांवर, काम करणारा हा प्रोग्रॅमर. छंद मात्र भुयारात सरपटण्याचा. केंटकीतल्या मॅमथ गुहेचे नकाशे त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून केले होते. पुढे घटस्फोट झाला. मुली दुरावल्या. तेव्हा १९७५-७६ च्या सुमारास त्याने कचेरीतल्या संगणकावर त्या गुहेचा खेळ लिहिला. चित्र एकही नाही, नुसते शब्द. ‘तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात’ असं संगणक सांगणार, आपण एक-दोन शब्दांत हुकूम सोडायचा. मुली भेटायला आल्या की तो खेळायच्या. गंमत म्हणजे गुहा इतकी खरी, की हा खेळ खेळलेल्या एका बाईंना प्रत्यक्ष गुहेत पहिल्यांदा जाऊनही वाट सापडत गेली म्हणतात!

१९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो खेळ वाढवला. परवानगी मागायला क्राउदरचा पत्ता नव्हता, म्हणून त्याने नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने पत्र धाडलं. हाच प्रयोग सदाशिव पेठेत ‘जोशी’ नावाने करून पाहा! पुढे एमआयटीच्या पोरांनी ‘झोर्क’ केला, २००९ मध्ये ‘ट्वाइन’ आलं आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनाही असे खेळ जोडता येऊ लागले. २०१९ मध्ये निक वॉल्टनने ‘एआय डंजन’ काढला, त्यात गोष्ट यंत्रच रचू लागलं.

फरक इथे पडला. जुना खेळ कचेरीतल्या कारकुनाइतका स्पष्ट. ठरलेल्या शब्दांपलीकडे काही बोललात, की समजत नाही म्हणून मोकळा. नव्या यंत्राचं सगळं जावईबापूंपुढच्या सासूसारखं. म्हणाल ते बरोबर. आधीच्या मजकुरावरून पुढचे शब्द जुळवणं हेच त्याचं काम, त्यामुळे ‘मग?’ला त्याच्याकडे उत्तर नाही असं होतच नाही.

माझ्या नातीने अशाच एका यंत्राकडून खेळ करवून घ्यायचं ठरवलं. विषय, आमचा पाडलेला वाडा. तिथे आता लिफ्टची इमारत आहे. वाडा तिने पाहिलेला नाही. यंत्राने क्षणात वाडा उभा केला. काय तो थाट! चौकात कारंजं, दिवाणखान्यात झुंबरं. आमच्या दोन खोल्यांत झुंबर टांगलं असतं तर खाली माणसांना रांगतच फिरावं लागलं असतं. कुठल्यातरी पुस्तकातला वाडा होता तो, आमचा नव्हे. मग मी सांगू लागलो. कारंजं काढ, तिथे एकच नळ, वीस बिऱ्हाडांना. तिसरी पायरी तुटकी. खालच्या काकूंची बादली ओलांडायची नाही. यंत्र प्रत्येक दुरुस्तीला “वा, छान कल्पना!” म्हणे. कल्पना कसली, बारा वर्षं पाणी भरलंय तिथे! शिवाय दहा-बारा चाली झाल्या की ते तुटकी पायरी विसरे. शेवटी नातीने सगळं वहीत लिहिलं, कोण कुठे राहतं, कुठला जिना कुठे जातो, आणि ती यादी दर वेळी त्याच्यापुढे ठेवू लागली. वहीत पाहिलं तर नकाशा तयार झाला होता. तो पाहून मी बराच वेळ काही बोललो नाही.

“आजोबा, नळाला पाणी कधी यायचं?” तिने विचारलं. यंत्राने परस्पर सकाळी सहा लिहून टाकलं होतं.

“साडेचारला. आणि पाचला जायचं.”

तिने खोडून साडेचार केले. आता खेळ अंधारातच सुरू होतो. पहिल्या दिवशी ती बादली न घेताच खाली गेली.