बोलणाऱ्याचा जीव

पौषातल्या रविवारी पूर्णेकाठी ऋणमोचनला जत्रा भरते. माझी आजी दर्यापूरकडची. लहानपणी तिनं तिथं गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. दिवसभर बाबा खराटा घेऊन घाट झाडत आणि रात्री त्याच यात्रेकरूंना फैलावर घेत. कर्ज काढून तेरवी कशाला? नवसाला बकरं कशाला? "आमच्या घरीबी बोकड कापत," आजी सांगायची. "माहे आजे लई संतापले. पन दुसऱ्या साली बोकड काही आलं नाही." बाबांवर कोणी हात टाकला का, असं मी विचारायचो. "शिव्या देल्ल्या लोकायनं. हात टाकताना म्या त नाही पाह्यला."

दुसरी गोष्ट अकोल्याच्या जुन्या शहरातली. आजोबांचे एक मित्र उर्दू शाळेत मास्तर होते; आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचा हमीद दलवाई वाचत. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसानं 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला होता. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. फक्त सात जणी! चाचांची मामेबहीण तेव्हा तलाक मिळून, कडेवर पोर घेऊन माहेरी परतलेली. त्यामुळे ती बातमी त्यांना आपल्या घरातलीच वाटली. 1970 साली पुण्यात दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हा चाचा मोहल्ल्यात त्याबद्दल उघड बोलले. पुढं कितीतरी दिवस त्यांना लग्नाची आमंत्रणं आली नाहीत. "घरातली घाण घरवाल्यानंच काढाची नं बापू," ते म्हणत. पण त्यांना आणखी एक सल होता. दलवाईंसाठी टाळ्या वाजवणाऱ्या अनेक हिंदूंनी हिंदू जमातवादावरचं त्यांचं लिखाण वाचलंच नव्हतं. 3 मे 1977 ला दलवाई गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे कोणत्याही धर्मविधीशिवाय त्यांचं दहन झालं, आणि चाचांच्या मोहल्ल्यात त्यावरूनही भांडण पेटलं.

चाचा 21 जून 2022 पाहायला उरले नाहीत. त्या रात्री अमरावतीत एक औषध व्यापारी दुकान बंद करून घरी निघाला असताना सुऱ्यानं मारला गेला. प्रेषितांबद्दलच्या विधानामुळे वादात सापडलेल्या नूपुर शर्मांच्या समर्थनाची पोस्ट त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवली, म्हणून हा खून झाला, असा राष्ट्रीय तपास संस्थेचा आरोप आहे. ती पोस्ट मला पटते की नाही, हा प्रश्न इथं मी येऊच देत नाही. शब्द कितीही लागला तरी माणूस मारणं हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. पुण्यात 2013 साली अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर मारले गेले, तेव्हाही मी हेच म्हणत होतो.

आणि याच अमरावतीत नोव्हेंबर 2021 मध्ये काय झालं? त्रिपुरातल्या मुस्लिमविरोधी हिंसेच्या घटनांचा निषेध म्हणून 12 तारखेला मोर्चा निघाला, दुकानांवर दगड पडले. 13 ला उलट बंद, पुन्हा तोडफोड, जाळपोळ. मग संचारबंदी, इंटरनेट बंद. मे 2023 मध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून अकोल्याचं जुनं शहर पेटलं, एक माणूस गेला. ज्यांनी कुणावर कधी टीका केली नव्हती, त्यांच्याही गाड्या जळाल्या. इस्लामवर बोलायचा हक्क मी शेवटपर्यंत मागेन. पण मोहल्ल्यावर दगड टाकणाऱ्यानं त्या हक्काच्या आड लपू नये.

धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं 295-अ हे कलम 1927 साली आलं, 'रंगीला रसूल' या प्रेषितांवरच्या पुस्तिकेच्या वादानंतर. तरी 1929 मध्ये लाहोरात त्या पुस्तिकेच्या प्रकाशकाचा खून झालाच. म्हणून कायदा आणखी कडक करा म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा बसत नाही.

चाचांची नात आता अमरावतीला शिकते, गाडगेबाबांचं नाव दिलेल्या विद्यापीठात. तिला दलवाईंवर प्रबंध लिहायचा आहे. तिच्या आईला दोन धाक आहेत: मोहल्ला वाळीत टाकील हा एक, आणि पोरीची वाक्यं उचलून कोणी मोहल्ल्यालाच झोडपील हा दुसरा. दोन्ही धाक खरे आहेत. मी तिला लिही म्हणालो. तिनं पहिलंच प्रकरण हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही जमातवादांवरच्या दलवाईंच्या लेखांचं एकत्र केलं आहे. अर्धं फाडून कोणाला नेता येऊ नये म्हणून.