अंगणात भरलेली शाळा

डहाणू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत माझी सगळी नोकरी गेली. रोजच्या शिकवण्यात चित्र, गाणं, नाच आणायचा, हे हल्ली प्रशिक्षणांत नवं म्हणून सांगतात. तेव्हा मला बोलल्यावाचून राहवत नाही. हे काम आमच्याच तालुक्यात पाऊणशे वर्षांपूर्वी उभं राहिलं. ते कोणत्या गरजेतून उभं राहिलं, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवं.

ताराबाई मोडकांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीची बालशाळा घडवली होती. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसरीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. या दोघींनी शिंपले, चिंचोके, खडे, पानं, माती गोळा केली आणि त्यांतूनच मोजणं, लावणं, नक्षी मांडणं सुरू झालं. गावाच्या मध्यवर्ती बालवाडीत दलित वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर रुळलेल्या ‘अंगणवाडी’चं मूळ तिथे आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ साली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांच्या शेजारी गेलं. याच मुलखात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार नाकारली होती. त्या उठावात तरुण असलेल्यांची मुलं आता शाळेच्या वयाची झाली होती. पण कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, तर कुणाच्या मागे गुरं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी झाली आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली.

तरी एक अडचण उरलीच. घरात वारली बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. मूल वर्गात यायचं आणि गप्प बसायचं. शाळेची भाषा यायच्या आधीही चित्र काढता येतं, ठेका धरता येतो, मातीचा बैल करता येतो. मुलाने आधी स्वतःचं काही मांडायचं आणि शब्द त्यामागून यायचे, हा क्रम मी कोसबाडकडून घेतला. माझ्या लेखी कलेचं वर्गातलं पहिलं काम हेच.

माझ्या तिसरीच्या वर्गात लांबीचा पाठ होता. फूटपट्टी सरळ रेषेला लागते, वळणाला लागत नाही. मुलांनी सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने तारपा नाच काढला. मधोमध तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेतलेला तारपावाला आणि त्याच्याभोवती गुंडाळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. त्या रांगेवर सुतळी अंथरली, मग तीच उचलून सरळ ताणली आणि मीटरपट्टीला लावली. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी आपल्या बोलीत म्हणाली, की बाहेरच्याला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. तिचं वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, त्याखाली प्रमाण मराठीत लिहिलं आणि गणिताच्या तासाला भाषेचाही पाठ झाला.

लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो चौक मात्र आम्ही वर्गात कधी काढला नाही. तो सवाशिणींनी काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणायची आणि त्यात पालघट देवी बसायची. पाड्यातल्या एका आजीने मला बजावलं होतं, “गुरुजी, माणसं काढा, झाडं काढा, नाच काढा. देवीला शाळेत आणू नका.” पाड्याची कला वर्गात आणायची तर पाड्याला विचारूनच आणायची, हे तिने मला शिकवलं.

वारली चित्रं १९७० नंतर भिंतीवरून कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज शाळांच्या भिंतींवर बाहेरचे रंगारी पैसे घेऊन तारपा नाच रंगवून जातात आणि आतल्या मुलाच्या हाती रंगीत खडूही नसतो. याचं मला फार वाईट वाटतं. भिंत रंगवल्याने शाळेत कला येत नाही.

ताराबाई आणि अनुताईंनी मुलाच्या घरी काय आहे ते आधी पाहिलं आणि धडा नंतर बेतला. आजच्या वेळापत्रकात चित्रकला शनिवारच्या शेवटच्या तासिकेला असते आणि तीही पहिली रद्द होते. ती सकाळच्या गणिताच्या, भाषेच्या तासात आणा. त्यासाठी लागतात तांदळाचं पीठ, सुतळी, चिंचोके आणि मुलाचं ऐकून घेणारा शिक्षक. पहिल्या तीन गोष्टी प्रत्येक पाड्यात आहेत. चौथी घडवणं प्रशिक्षण देणाऱ्यांच्या हातात आहे.