परतीचा पाऊस, लांबलेली सोंगणी आणि शिकारीचा हंगाम: नगरच्या माळरानाचा इतिहास कसा वाचायचा?

संशोधनाचा विषय शोधणारे अनेक जण विचारतात, "हवामानाच्या इतिहासावर काम करायचंय, कुठून सुरुवात करू?" बहुतेकांच्या डोक्यात दुष्काळ असतो. ते साहजिकच आहे. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, पर्जन्यछायेतला. १८७६-७८ च्या दुष्काळाचे अहवाल, चौकश्या, पत्रव्यवहार असा कागदांचा डोंगर आहे. पण जास्त झालेल्या, आणि त्यातही चुकीच्या वेळी झालेल्या पावसाचा इतिहास? त्याची स्वतंत्र फाईल सापडणं अवघड. तो वेगवेगळ्या दफ्तरांत तुकड्यातुकड्याने विखुरलेला असतो. आज एक छोटा प्रश्न घेऊन हे तुकडे कसे जोडायचे ते बघू: आश्विन-कार्तिकात पाऊस लांबला, की शेताचं काय होतं आणि शिकारीचं काय होतं?

शेत आणि शिकार यांचा संबंध काय, असं वाटेल. पण नगरच्या पूर्व आणि दक्षिण भागात, म्हणजे कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, शेवगाव या पट्ट्यात, शिकारीची जागा घनदाट जंगल नव्हती. ती होती माळरान आणि त्याला लागून असलेली जिरायत शेती. काळवीट, चिंकारा, ससा, तितर, लावा, माळढोक, लांडगा ही सगळी मंडळी शेताच्या बांधावरचीच. त्यामुळे शिकारीचा हंगाम पंचांगावर किंवा कायद्याच्या तारखेवर जितका ठरायचा, त्याहून जास्त तो शेतात पीक उभं आहे की निघालं यावर ठरायचा.

आधी शेतीचं वेळापत्रक पक्कं करू. नगरमध्ये दोन हंगाम. खरिपाची बाजरी मृगात किंवा नंतरच्या पावसावर पेरायची. ती साधारण तीन महिन्यांत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात सोंगणीला येते. रब्बीची ज्वारी भारी काळ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. या दोन्हींच्या मधोमध येतात उत्तरा, हस्त, चित्रा आणि स्वाती ही नक्षत्रं. हस्त सप्टेंबरअखेरीस लागतं आणि स्वाती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतं. परतीचा पाऊस पडतो तो याच काळात.

इथे घाई करू नका. "ओला शरद म्हणजे नुकसान" असं एका वाक्यात लिहून मोकळं होता येत नाही. हस्ताचा पाऊस सोंगणीला आलेल्या बाजरीला मारक, पण रब्बी ज्वारीला तोच तारक. हलक्या रानात उभी बाजरी आडवी पडते, कणसातच दाण्याला कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, सरमाड कुजतं. त्याच आठवड्यात शेजारच्या भारी रानात ओल साठते, आणि त्या ओलीवरच ज्वारी पुढचे चार महिने काढणार असते. पण पाऊस थांबलाच नाही, तर वापसा येत नाही. वापसा म्हणजे जमीन अशी ओली की पाभर चालेल, पण चिखल होणार नाही. वापसा नाही तर पेर नाही, आणि पेर लांबली की ज्वारीची काढणीही पुढे सरकते. म्हणजे एकाच पावसाने एक पीक बिघडतं, दुसरं घडतं आणि तिसरी गोष्ट, वेळापत्रक, सगळंच पुढे ढकललं जातं. आपला विषय ही तिसरी गोष्ट आहे.

आता खळ्यावर या. सोंगणी झाली तरी काम संपत नाही. कणसं वाळली पाहिजेत, खळं सारवून कोरडं पाहिजे, मग मळणी, मग उफणणी. उफणायला वारा कोरडा लागतो. पाऊस रेंगाळला की खळं तयारच होत नाही. गावगाड्याच्या व्यवस्थेत खळं ही फक्त धान्य काढायची जागा नव्हती, वाटपाचीही होती. बलुतेदारांचा वाटा खळ्यावर मिळायचा. खळं पंधरा दिवस उशिरा, तर सुतार, लोहार, महार, चांभार यांच्या घरात धान्यही पंधरा दिवस उशिरा. वसाहतकाळात त्यात सरकारी हप्ता आला. शेतसारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा. धान्य खळ्यावर आलं नसेल, तर सावकाराकडे जायचं. १८७५ चे दख्खनचे दंगे पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सुरू झाले आणि नगरच्या पारनेर-श्रीगोंदा भागातही पोहोचले. त्यांची कारणं बरीच आहेत. ते परतीच्या पावसाने झाले असं मी म्हणत नाही. पण काढणीची तारीख आणि हप्त्याची तारीख यांतली फट त्या चर्चेतही महत्त्वाची आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता शिकारीकडे. शिकारी म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं: टोपी घातलेला साहेब. पण या माळरानावर निदान तीन प्रकारचे शिकारी होते, आणि ओल्या शरदाचा परिणाम तिघांवर सारखा नव्हता.

पहिला, बंदूकवाला. नगरला लष्करी छावणी होती आणि अधिकाऱ्यांचा शिकारीचा मोसम म्हणजे थंडी. काळवीट उघड्यावर राहणारा प्राणी, नजर तीक्ष्ण. त्याच्याजवळ जायची एक नेहमीची युक्ती म्हणजे बैलगाडीच्या आडून जाणं; रानात गाडी रोज दिसते, म्हणून हरीण बिचकत नाही. पण काळ्या मातीत चाक रुतलं की ही युक्ती संपली. पीक उभं असेल तर नेम धरायला मोकळी जागा नाही, आणि उभ्या पिकात घोडा घालायचा म्हणजे शेतकऱ्याशी भांडण. पाणपक्ष्यांचंही तसंच. कोरड्या वर्षी पाणी मोजक्या तळ्यांत उरतं, बदकं तिथेच गोळा होतात. ओल्या वर्षी जागोजागी पाणी, त्यामुळे पक्षी विखुरलेले. संस्थानिकांच्या चित्त्याच्या शिकारीलाही हाच नियम लागू. कोल्हापूरसारख्या संस्थानात पाळलेले चित्ते गाडीतून नेऊन काळविटांवर सोडत. त्याला धावायला मोकळं, कोरडं रान लागणारच.

दुसरा, फासेपारधी. त्याचं साधन म्हणजे फास, जाळी, आणि शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडून सावजाजवळ जाण्याचं कसब. त्याच्यासाठी पावसाचं गणित वेगळं होतं. तातीचे फास भिजले की सैल पडतात. उभ्या पिकात लाव्या-तितरांना लपायला जागा मिळते. पण दुसरी बाजूही बघा: ओल्या काळ्या रानात हरणाचे खूर रुततात, त्याचा वेग मोडतो. साहेबाच्या घोड्याला नडणारा चिखल हरणालाही नडतो. म्हणून "ओला शरद म्हणजे शिकार कमी" हेही वाक्य सरसकट लिहिता येत नाही. कुणाची शिकार, कुठल्या साधनाने, कुठल्या जमिनीवर, हे विचारावंच लागतं.

तिसरा, शेतकरी स्वतः. तो माळ्यावर बसून गोफण फिरवत पाखरं हाकलायचा आणि रात्री रानडुकरं, हरणं राखायचा. पीक जितके दिवस जास्त उभं, तितकी राखणही जास्त. काहींकडे पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक असायची. पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, इतकी ही गोष्ट रुजलेली होती. म्हणजे लांबलेल्या सोंगणीने हौशी शिकाऱ्याचा हंगाम पुढे ढकलला, पण शेतकऱ्याचा लांबवला. कागदावर पहिल्याची तक्रार मिळते, दुसऱ्याची झोपमोड मिळत नाही.

हे सगळं एकाच ठिकाणी का सापडत नाही? १८८४ चं नगरचं गॅझेटियर उघडा. जंगली प्राणी एका प्रकरणात, जाती-जमाती दुसऱ्यात, शेती तिसऱ्यात. वाचताना आपणही नकळत तीन वेगळी जगं समजून बसतो. ही विभागणी लिहिणाऱ्याच्या सोयीची आहे, माळरानाची नाही. त्याआधीचं एक चांगलं उदाहरण म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ मध्ये त्याची मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्याने दख्खनचे पक्षी आणि प्राणी नोंदवले. भारतीय लांडग्याचं शास्त्रीय वर्णन त्याच्याच नावावर, १८३१ चं. आणि याच माणसाने दख्खनच्या हवामानावर १८३५ मध्ये निबंध छापला, जमीनधारणेवरही लिहिलं. पाऊस, प्राणी आणि जमीन एकाच माणसाच्या वहीत होती. ती परत एकत्र वाचणं हे आपलं काम.

आता कायद्याकडे, कारण खरी किंमत कुणी मोजली ते इथे कळतं. १९१२ च्या वन्य पशु-पक्षी संरक्षण कायद्याने सरकारला ठराविक प्राण्यांसाठी शिकारबंदीचा काळ जाहीर करायचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा आला, मग १९७२ चा केंद्रीय कायदा; परवान्यावरच्या शिकारीची उरलेली वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. माळढोक अभयारण्य १९७९ चं, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० चं. काळविटासाठी हे आवश्यकच होतं. पण दुसरी रेषा समांतर चालू होती. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने ती चौकट मुंबई इलाख्यालाही लागू झाली. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. साहेबाची शिकार 'खेळ' म्हणून नोंदली गेली, पारध्याची 'गुन्हा' म्हणून. रान तेच होतं.

इथे एक गृहीतक मांडतो. ते सिद्ध झालेलं नाही, पण तपासण्यासारखं आहे. सोंगणी लांबली की पीक जास्त दिवस रानात उभं राहतं, खळ्यावरचं धान्य उशिरा येतं, मजुरी थांबते, फासही नीट चालत नाहीत. अशा आठवड्यांत रानातून कणसं गेल्याच्या तक्रारी वाढत असतील का? आणि संशय ठरलेल्या वस्तीवरच जात असेल का? तसं असेल, तर ज्याला पोलिसी कागद 'जमातीचा स्वभाव' म्हणतात, तो प्रत्यक्षात पावसाचा आणि भुकेचा आलेख निघू शकतो. तसं नसेल, तर तेही कळायला हवं. दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत.

तपासायचं कसं? एक तालुका घ्या, वीस वर्षं घ्या. पावसाच्या रोजच्या नोंदी लागतील. वार्षिक बेरीज बघू नका, ती फसवी असते. नगरच्या सपाट भागात वर्षाला ५००-६०० मिमी म्हणजे ठीकठाक वर्ष वाटेल, पण त्यातला किती पाऊस हस्त-चित्रा-स्वातीत पडला, हा आपला प्रश्न. त्याच्या शेजारी आणेवारी, जमाबंदीचे अहवाल आणि हंगाम-पीक अहवाल ठेवा. मग पोलीस अहवाल आणि शिकारीची वर्णनं. पुण्याचं पुराभिलेखागार आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, इथून सुरुवात होईल.

एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो. जुन्या मराठी कागदांत "दसऱ्यानंतर" असं आलं, की लगेच ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरू नका. अधिक मासामुळे दसरा सरकतो. २०१९ चा दसरा ८ ऑक्टोबरला होता, २०२० चा २५ ऑक्टोबरला. सतरा दिवसांचा फरक म्हणजे एका नक्षत्राहून जास्त. दसरा लवकर आला आणि पाऊस उशिरापर्यंत राहिला, तर सीमोल्लंघन ओल्या रानातच. तिथी इंग्रजी तारखेत बदलल्याशिवाय "यंदा पाऊस लांबला" असं म्हणताच येत नाही.

हा विषय फक्त जुना नाही. २०१९ मध्ये दिवाळीच्या दिवसांत राज्यभर पाऊस झाला, सोंगलेली पिकं रानात भिजली. राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली. आणि शिकार? माणसाची कायद्याने थांबली, पण शिकारी संपला नाही. अकोले-संगमनेरच्या बागायती पट्ट्यात आता उसात बिबट्या राहतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अकोले परिसरातल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले; त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा होता. रानात वापसा नाही म्हणून तोड लांबली, की त्याचा आडोसाही लांबतो. तोड सुरू झाली, की कोयता घेतलेला मजूर आणि पिल्लं घेतलेली मादी एकाच सरीत समोरासमोर येतात. सोंगणीच्या तारखेवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो, हे सूत्र बदललेलं नाही. बाजरीच्या जागी ऊस आला, एवढंच.

तेव्हा विषय निवडताना "नगर जिल्ह्यातील हवामान व समाज" असलं भलंमोठं शीर्षक घेऊ नका. "अमुक तालुक्यात, अमुक वर्षांत, ज्या वर्षी स्वाती नक्षत्रात पाऊस झाला त्या वर्षी खळी कधी लागली आणि रानातल्या चोरीच्या किती तक्रारी आल्या?" एवढाच प्रश्न एका कागदावर लिहा. मार्गदर्शकांकडे जाताना तोच कागद घेऊन जा.